साक्ष देताना

आमच्या ख्रिस्ती मंडळीत दर बुधवारी स्त्रियांची उपवास-प्रार्थना असते. गायन, शास्त्रवाचन, मध्यस्थीची प्रार्थना आणि शेवटी साक्ष, हा तिचा क्रम माझ्या लग्नाच्या आधीपासून ठरलेला आहे. साक्षीसाठी उभी राहणारी बहीण बहुधा येऊन गेलेल्या संकटाविषयी बोलते. गाठ निघाली पण ती साधी निघाली, मुलाला अखेर नोकरी लागली, सुनेचे बाळंतपण सुखरूप झाले, असे ऐकून आम्ही सगळ्या 'आमेन' म्हणतो, आणि मीही ते मनापासून म्हणते. तरीही पाळकसाहेबांच्या पत्नींनी मला साक्षीसाठी विचारले की मी सलग पाच वर्षे 'पुढच्या वेळी' म्हणून टाळत आले, कारण माझ्यापाशी सांगण्याजोगा शेवट नव्हता. आमच्याकडे संकट आले होते, पण ते गेलेले नव्हते. आजही ते गेलेले नाही.

माझ्या यजमानांचा पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ भागीदारीत छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, पावतीपुस्तके अशी कामे तेथे होत. ते मूळचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवणारे. हे काम त्यांनी लहानपणी वडिलांच्या हाताखाली शिकून घेतले होते, आणि पुढे ऑफसेट छपाई आली तरी जुन्या खिळ्यांची एक पेटी त्यांनी घरी जपून ठेवली. २०१८ च्या जून महिन्यात एका पहाटे ते छापखान्यातच कोसळले. एका मोठ्या कामासाठी रात्रभर एकटेच थांबले असल्यामुळे सकाळी कामगार येईपर्यंत कोणाला काही कळले नाही. मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ती वेळ टळून गेली होती. उजवा हात आणि पाय लुळे पडले. त्याहून कठीण म्हणजे वाचा गेली. मेंदूच्या डाव्या बाजूला, जेथून बोलण्याची जुळणी होते, तेथेच इजा झाली होती. त्यांना पाणी हवे असते, पाणी म्हणजे काय हे ठाऊक असते, पण 'पाणी' हा शब्द ओठांपर्यंत येत नाही. जन्मभर उलटी अक्षरे सुलट वाचणाऱ्या माणसाला स्वतःच्या तोंडातले एक अक्षर जुळवता येऊ नये, हे पाहणे मला पहिल्या वर्षी फार जड गेले.

भेटायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आधार दिला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर पहिले तीन महिने आमची संध्याकाळची भाकरी स्वतःच्या चुलीची मानली, आणि त्या आमच्या मंडळीतल्या नाहीत, हे येथे मुद्दाम नोंदवते. काही जणांनी मात्र, चांगल्या हेतूने का होईना, कारण शोधायला सुरुवात केली. घरात एखादे कबूल न केलेले पाप आहे का, असे एकाने विचारले. नात्यातल्या एका बाईंनी प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या आरोग्यसभेला नेण्याचा आग्रह धरला आणि तेथे जाण्यापूर्वी रक्तदाबाच्या गोळ्या बंद करा, गोळ्या चालू ठेवणे म्हणजे अविश्वास, असे सांगितले. मी गोळ्या बंद केल्या नाहीत. पुष्कळ दिवस मला स्वतःच्या विश्वासाविषयी शंका येत राहिली, हेही खरे आहे.

त्या शंकेतून मला योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायाने बाहेर काढले. जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाला पाहून शिष्य येशूला विचारतात की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी. याने नाही आणि आईबापांनीही नाही, असे म्हणून येशू हा प्रश्नच मोडीत काढतो. माझ्या घरी विचारला जाणारा प्रश्न इतका जुना आहे आणि त्याचे उत्तरही तितकेच जुने आहे, हे त्या दिवशी मला नव्याने कळले. पुढे त्या माणसाला दृष्टी येते आणि परूशी, म्हणजे त्या काळचे यहूदी धर्मपुढारी, त्याची उलटतपासणी घेतात. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच भाग. येशू कुठे आहे, असे शेजाऱ्यांनी विचारल्यावर हा माणूस 'मला ठाऊक नाही' म्हणतो. येशू पापी आहे की नाही, असे उलटतपासणीत विचारल्यावर पुन्हा 'मला ठाऊक नाही' म्हणतो. एक गोष्ट मात्र ठाऊक आहे, की मी आंधळा होतो आणि आता मला दिसते. जेवढे घडले तेवढे तो सांगतो, त्यात भर घालत नाही आणि दडपण आले म्हणून त्यातले काही वगळतही नाही. अखेर त्याला सभास्थानातून बाहेर काढतात.

साक्षीदाराचे काम तेच नव्हे काय? न्यायालयात जो साक्षीदार पाहिलेल्यापेक्षा अधिक सांगतो, त्याची साक्ष खोटी ठरते. दहा आज्ञांमध्येही खोट्या साक्षीविषयी स्वतंत्र आज्ञा आहे. नव्या करारात साक्षीदारासाठी 'मार्तुस' हा ग्रीक शब्द येतो, आणि श्रद्धेपायी प्राण देणाऱ्यांनाही ख्रिस्ती मंडळी पुढे त्याच शब्दाने ओळखू लागली. त्यांच्यापैकी कितीतरी जण कारागृहातून सुटले नाहीत. सुटका झाली नाही म्हणून त्यांची साक्ष अपुरी होती, असे मंडळीने कधी म्हटलेले नाही.

हे पटायला मला एका कागदाशी झगडावे लागले. यजमानांची आरोग्यविमा पॉलिसी एका एजंटाने भरली होती आणि पूर्वीच्या आजारांच्या रकान्यात 'नाही' असे लिहिले होते. यजमानांनी कामाच्या घाईत न वाचताच सही केली होती. प्रत्यक्षात त्यांना अकरा वर्षांपासून रक्तदाबाचा त्रास होता, आणि हे मला पक्के ठाऊक होते, कारण गोळ्यांची पाकिटे दर महिन्याला मीच आणत होते. दाव्याच्या वेळी एजंटाने मला बाजूला घेऊन सांगितले की रक्तदाब याच वेळी प्रथम आढळला, एवढी एक ओळ ओळखीच्या डॉक्टरांकडून लिहून आणा, सगळेच तसे करतात. तीन लाख ऐंशी हजारांचा प्रश्न होता. ती रात्र मी स्वयंपाकघरात त्या फॉर्मसमोर बसून काढली. मला कोणतीही वाणी ऐकू आली नाही, कोणते वचनही आठवले नाही. फडताळात गोळ्यांची रिकामी पाकिटे दोऱ्यात बांधून ठेवलेली होती, कारण दुकानदाराला दाखवायला यजमान ती जपून ठेवत. ती माझ्यासमोर होती आणि मला ती नाहीत असे लिहिता येईना. मी 'अकरा वर्षांपासून' असे लिहिले. दावा नामंजूर झाला.

याच्या पुढे साक्षीत सहसा एखादा चमत्कार येतो. आमच्याकडे तो आला नाही. माझ्या बांगड्या गेल्या, सोसायटीचे कर्ज झाले, आणि मुलाने पदवीचा प्रवेश सोडून पदविकेवरच भोसरीत नोकरी धरली. एकदा तो मला म्हणाला, "आई, तुझ्या खरेपणाचे हप्ते मी भरतोय." मला उत्तर देता आले नाही, कारण तो खोटे बोलत नव्हता. संकटात विश्वासू राहण्याविषयी आपण बोलतो तेव्हा त्याची किंमत विश्वासू राहणारा एकटाच देतो असे गृहीत धरतो. ते तसे नसते. ती घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला जाते, आणि त्याला आपण विचारलेलेही नसते. मुलाने त्यानंतर कधी तो विषय काढला नाही. दर रविवारी वडिलांना तोच उचलून रिक्षात बसवतो. तरीही ते वाक्य मी विसरलेले नाही आणि विसरू नये असेच मला वाटते.

या काळात मला पंडिता रमाबाईंचा फार आधार वाटला. केडगाव आम्हांला जवळ, दौंडकडे जाणाऱ्या गाडीने पूर्वी आम्ही दोघे तेथल्या मुक्ती मिशनला, रमाबाईंनी निराधार स्त्रियांसाठी उभारलेल्या आश्रमाला, जात असू. तेथे स्त्रियांनी खिळे जुळवून, छापून पवित्र शास्त्राचे रमाबाईंनी केलेले भाषांतर सिद्ध केले, याचे यजमानांना एक कारागीर म्हणून अपार कौतुक होते. त्या वेळी मी रमाबाईंचे कार्य पाहत असे. आता मला त्यांच्या आयुष्यातल्या तारखा दिसतात. दुष्काळात आईवडील गेले. १८८० मध्ये विवाह झाला आणि १८८२ मध्ये पती पटकीने गेले. एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या हाती मुक्ती सोपवायची होती, ती १९२१ च्या जुलैमध्ये गेली. त्यानंतर रमाबाई जेमतेम नऊ महिने जगल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला, आणि तोवर भाषांतराचे काम त्यांनी पुरे केलेले होते. छापलेला ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. तो त्यांना पाहता आला नाही. आपण त्यांचे नाव विजयाच्या साक्षीत घेतो. मला मात्र मुलगी गेल्यानंतर हिब्रू आणि ग्रीक पुढ्यात घेऊन बसलेली, साठी ओलांडलेली एक आई दिसते, आणि त्या नऊ महिन्यांतल्या एखाद्या साध्या दुपारी त्यांनी काय प्रार्थना केली असेल, असा विचार मनात येतो.

पवित्र शास्त्रातल्या स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. त्यांतली बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात, पण अठ्ठ्यांशीवे स्तोत्र वळत नाही, ते काळोखातच संपते. कोणीतरी ते वगळू शकले असते. वगळले नाही, आणि शतकानुशतके ते उपासनेत राहिले, याचा अर्थ मी असा घेते की ज्याचे दुःख अजून संपलेले नाही त्यालाही देवासमोर उभे राहून बोलण्याची जागा आहे.

शेवटी गेल्या लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या, काळातल्या एका बुधवारी मी उभी राहिले. माझे यजमान बरे झालेले नाहीत, असे मी पहिल्याच वाक्यात सांगितले. फॉर्मची गोष्ट सांगितली, मुलाचे वाक्य सांगितले. दोन वर्षे मला प्रार्थना करता येत नव्हती आणि त्या काळात मी केवळ इतरांच्या प्रार्थनेत बसून राहत असे, हेही सांगितले. देवाने मला सोडले नाही असे मी मानते, पण हे मला दर दिवशी जाणवते असे म्हणाले तर ते खोटे होईल, एवढे म्हणून खाली बसले. 'आमेन' यायला थोडा वेळ लागला.

नंतर मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या सभासदांच्या कानावर हे गेले आणि त्यांनी मला सौम्यपणे सांगितले की नवीन विश्वासणाऱ्यांपुढे असे बोलू नये, त्यांचा विश्वास खचतो. त्यांची काळजी खरी आहे आणि मी ती हलकी मानत नाही. परंतु माझा अनुभव त्यांच्या उलट आहे. माझा विश्वास ज्या दिवसांत सर्वांत अधिक खचला, ते दिवस माझ्याभोवती फक्त बरे झालेले लोक बोलत होते तेव्हाचे होते. प्रेषित पौलाने स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे एका न सुटणाऱ्या पीडेसाठी, तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही. त्याने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असे लिहिले. दुसरा सहकारी त्रफिम याला मिलेत येथे आजारीच सोडून आलो, असेही तो एका ओळीत लिहून टाकतो, आणि त्यापुढे काही स्पष्टीकरण देत नाही. त्रफिमाचे पुढे काय झाले हे त्या पत्रात नाही. पवित्र शास्त्र नव्या विश्वासणाऱ्यांच्या हाती आपणच देतो, त्यात ही ओळ आहेच. तेव्हा ती आपल्याही तोंडी असायला हरकत नसावी, असे मी त्यांना म्हणाले. ते म्हणाले, "बघू." आमचे बोलणे तेवढ्यावर थांबले, आणि आम्ही अजून एकमेकांना तितक्याच आपुलकीने 'जय ख्रिस्त' म्हणतो.

एक गोष्ट मी बुधवारी सांगितली नाही, ती येथे लिहिते. आजारानंतर चौथ्या महिन्यात आम्ही यजमानांना प्रथमच उपासनेला नेले. त्या दिवशी गुरुवार पेठेतून निघताना पंच हौद चर्चच्या मनोऱ्यातली घंटा वाजत होती आणि ते रिक्षात मान वळवून ऐकत होते. आमच्या मंडळीत सर्वांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली, तेव्हा माझ्या शेजारून एक आवाज आला, जाड आणि थोडा मागे रेंगाळणारा, पण शब्द स्पष्ट. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' 'पाणी' म्हणता न येणारा माणूस संपूर्ण प्रार्थना म्हणत होता. वाचेचे उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावून सांगितले की पाठ झालेली भाषा, म्हणजे वारांची नावे, आकडे, गाणी, प्रार्थना, अनेकदा अशी शाबूत राहते, त्यावरून नवे वाक्य बोलता येईलच असे धरू नये. त्यांनी हे प्रामाणिकपणे सांगितले याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. म्हणून मी त्याला चमत्कार म्हणत नाही. परंतु पन्नास वर्षे, मन लागो वा न लागो, दर रविवारी म्हटलेले शब्द त्यांच्यात कोठेतरी खोल जाऊन बसले होते, आणि बाकीचे सगळे वाहून गेल्यावर तेवढे उरले. रोजची उपासना कंटाळवाणी वाटते म्हणणाऱ्या तरुणांना मी हे आवर्जून सांगते.

त्या प्रार्थनेत एक ओळ आहे, जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे सोड. यजमान आजारी पडल्यावर वर्षभरात भागीदाराने यंत्रे विकली आणि आमच्या वाट्याचा हिशेब आजवर दिलेला नाही. त्या ओळीपाशी मी कितीतरी काळ गप्प राहत असे. अलीकडे म्हणते, पण आवाज खाली जातो. यजमान मात्र ती इतर ओळींइतकीच मोठ्याने म्हणतात. ती अर्थ जाणून म्हणतात की केवळ पाठ आहे म्हणून, हे मला ठाऊक नाही. 'आमेन' झाल्यावर ते मान वळवून माझ्याकडे बघतात, आणि मी ती ओळ म्हटली की नाही तेच त्यांना पाहायचे असावे, असे मला दर रविवारी वाटते.