पार्टटाइम काम: आधी स्टेशन बघा, मग पगार

कॉलेज सांभाळून काम शोधणारी बहुतेक मुलं पहिल्यांदा विचारतात, ‘देणार किती?’ मुंबईत त्याच्या आधी विचारायचं, ‘कुठल्या स्टेशनला?’

विद्यार्थी सवलतीचा पास घराजवळच्या स्टेशनापासून कॉलेजच्या स्टेशनापर्यंतच चालतो. डोंबिवली-माटुंगा पास असेल तर ठाणे, मुलुंड, घाटकोपर, कुर्ला सगळं वाटेतलंच. मध्ये उतरलात तरी जादा खर्च नाही. तेच काम अंधेरीला मिळालं, की माटुंग्यापुढचं तिकीट वेगळं, नाहीतर घाटकोपरहून मेट्रोचं भाडं. वर संध्याकाळची गर्दी आहेच. समजा, ४ तासांच्या शिफ्टचे ४०० रुपये मिळतात. त्यासाठी २ तास जादा प्रवास आणि ४० रुपये भाडं गेलं, तर ६ तासांचे ३६० उरले, म्हणजे तासाला ६०. वाटेतल्या स्टेशनवर त्याच ४ तासांचे ३२० मिळाले तरी तासाला ८० पडतात. सहीआधी हा हिशेब कागदावर मांडाच.

सकाळचं कॉलेज असेल तर दुपारी २ ते ६ची वेळ उत्तम. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ही मुंबईतली जुनी सोय, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने १९४६ साली सुरू झालेल्या सिद्धार्थ कॉलेजने ती हजारोंना दिली. दुकान किंवा कॅफेतली ‘क्लोजिंग’ शिफ्ट मात्र शक्यतो टाळा. १० वाजता शटर अर्धं खाली येतं, पण गल्ला मोजणं, स्टॉक लावणं, लादी पुसणं यात ११ कधी वाजतात कळत नाही. घरी पोहोचायला साडेबारा आणि सकाळी ७ला लेक्चर. असं चाललं की आधी हजेरी घसरते, आणि मुंबई विद्यापीठात ७५ टक्क्यांची अट आहे. शटर पडल्यानंतरच्या वेळेचे पैसे मिळतात का, हे मुलाखतीतच विचारा.

शिकवण्यांत प्रवास सर्वांत कमी, पण तारखा आडव्या येतात. शाळेच्या सहामाहीच्या सुमारास तुमची ऑक्टोबर-नोव्हेंबरची सेमिस्टर, आणि वार्षिक परीक्षेच्या वेळी एप्रिलची. पाचवी ते नववीच्या पालकांना तुम्ही नेमके तेव्हाच जास्त हवे असता. त्या मानाने दहावीची मुलं सोयीची: बोर्ड मार्चमध्ये आटोपतं आणि एप्रिल तुमचा राहतो. फी महिन्यावर ठरवली, की दिवाळीच्या सुट्टीचे पैसे कापण्यावरून कुरबुर होते. त्यापेक्षा ‘१२ बैठकांची फी, पहिल्या बैठकीला आगाऊ’ असं बोलून घ्या. बैठक बुडाली तर ती पुढे सरकते, पैशांचा विषय निघत नाही. मे महिन्यात हातात काही येणार नाही, हे जूनपासूनच धरून चाला.

गोरेगावच्या नेस्कोमधली प्रदर्शनं, बीकेसीतले कार्यक्रम, मॉलमधले प्रमोशन ही कामं परीक्षेनंतरच्या सुट्टीत चांगली. त्यांत एजन्सीमागे एजन्सी असते, वरचं पेमेंट अडकलं की सगळ्यांत खालच्या मुलांचे पैसे लटकतात. म्हणून जाण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर तारीख, जागा, तास, दर आणि पैसे कोणत्या दिवशी मिळणार, एवढं लिहून पाठवा आणि समोरच्याकडून ‘ओके’ लेखी घ्या. त्याशिवाय घरातून निघू नका. शेवटच्या दिवशी हजेरीच्या कागदाचा फोटो काढून ठेवा.

नियमित नोकरीतही पहिला पगार महिना भरल्यावर, बऱ्याच ठिकाणी ७ ते १० तारखेला होतो. तोवरचे ४० दिवस घरच्या पैशांवर काढावे लागतात. हातात किती येणार हे विचारताना पीएफ आणि ईएसआय (कामगार आरोग्य विमा) यांची कपात धरूनच विचारा. स्टायपेंडमधून १० टक्के टीडीएस (आधीच कापलेला आयकर) गेला असेल आणि वर्षाचं उत्पन्न करपात्र नसेल, तर रिटर्न भरून तो परत मिळतो. रक्कम लहान म्हणून सोडू नका.

काम देण्यासाठी डिपॉझिट किंवा नोंदणी फी मागणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. मूळ मार्कशीट कुणाच्याही ताब्यात देऊ नका, झेरॉक्स पुरते. ‘तुमचं बँक खातं वापरू द्या, कमिशन देतो’ हे तर काम नव्हेच: त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरतात आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगत जाते.