तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या सिनेमातले दाणे पुसत का नाहीत?

‘४के रिस्टोरेशन केलंय म्हणता, मग पडद्यावर दाणे कसले वळवळतात? साफ करायचे राहिले का?’ जुना सिनेमा नव्याने लागला की हा प्रश्न ठरलेला. राहिले नाहीत, मुद्दाम ठेवलेत.

फिल्मवर दाण्यांपेक्षा वेगळं असं चित्र नसतंच. कृष्णधवल फिल्मच्या इमल्शनमध्ये, म्हणजे चित्र धरणाऱ्या थरात, चांदीचे कण असतात. रंगीत फिल्ममधली चांदी धुलाईत निघून जाते आणि तिच्या जागी रंगाचे बारीक ढग उरतात. पापणी, सुरकुती, कापडाची वीण, सगळं या कणांच्या दाटी-विरळीतून उमटतं. कणांची मांडणी दर फ्रेमला वेगळी, म्हणून ते हलतात. सरसकट पुसले तर पापण्याही त्यांच्याबरोबर जातात आणि नट मेणाचा दिसू लागतो.

पण सगळे दाणे सारख्या मानाचे नाहीत. कॅमेऱ्यातल्या निगेटिव्हवरून मास्टर पॉझिटिव्ह, त्यावरून ड्यूप (नकल) निगेटिव्ह, त्यावरून थिएटरची प्रिंट. दर पिढी, म्हणजे प्रतीवरून काढलेली दर प्रत, आपले दाणे वर चढवते, बारीक तपशील गिळते. म्हणून दाण्यांवरचा खरा उपाय सॉफ्टवेअर नव्हे, आधीच्या पिढीचं रीळ शोधणं. ते पूर्ण मिळतंच असं नाही. १९९३ साली लंडनमधल्या आगीत होरपळलेल्या सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या निगेटिव्ह रसायनांनी पुन्हा लवचीक करून जमेल तेवढ्या वापरल्या गेल्या. बाकीचा भाग पुढच्या पिढ्यांतून घ्यावा लागला. अशा सांध्यावर दाणे अचानक जाड होतात. तिथे मात्र ते थोडे दाबतो, शेजारच्या शॉटशी जुळेपर्यंतच.

रीळ मिळालं की आधी टेबलावर, हातमोजे घालून, फूट न् फूट तपासणी. कडेची फाटलेली भोकं, उघडलेले जोड, टेपचा पाझरलेला गोंद. १९५०च्या आसपासपर्यंतच्या ३५ मिमी फिल्मचा बेस, म्हणजे इमल्शनखालची पारदर्शक पट्टी, बहुधा नायट्रेटचा असतो. तो पेटला की पाण्याखालीही जळतो, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्यातच असतो. नंतरचा अ‍ॅसिटेट जळत नाही तसा, पण सडतो: डबा उघडताच व्हिनेगरचा वास येतो, आणि सुटलेलं आम्ल सडणं आणखी वाढवतं. फिल्म एक टक्का आकसली तरी दात्यांच्या यंत्रात भोकं फाटतात, म्हणून स्कॅनर बिनदात्यांच्या रोलरवर चालणारा हवा. आणि क्रम चुकवू नये: जोड दुरुस्त करून मगच अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी) धुलाई. उलटं केलं तर कमकुवत जोड यंत्रातच सुटतात. इमल्शन मऊ पडलं असेल तर यंत्राच्या वाटेला जायचंच नाही.

स्कॅन करताना एक फ्रेम ४०९६×३११२ पिक्सेल, १० बिट, म्हणजे सुमारे ५१ एमबी. दोन तासांच्या सिनेमात १,७२,८०० फ्रेम. जवळपास ९ टीबी, आणि ही फक्त पहिली प्रत. बेसवरचे ओरखडे इथेच घालवता येतात. फिल्म ओल्या गेटमधून (फ्रेम धरणाऱ्या खाचेतून), तिच्याइतकाच प्रकाश वाकवणाऱ्या द्रवात बुडवून नेली की ओरखडा भरून निघतो आणि रेघ दिसेनाशी होते. ओरखडा इमल्शनमध्ये उतरला असेल तर तिथलं चित्रच खरवडून गेलेलं असतं. तिथे द्रव काय करणार. इन्फ्रारेडने धूळ हेरायची युक्ती रंगीत फिल्मला छान चालते. कृष्णधवलमध्ये चांदीच इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे सगळं चित्रच धूळ ठरतं.

स्वयंचलित सफाईचा नियम साधा आहे: मागच्या-पुढच्या फ्रेममध्ये नाही आणि मधल्या एकाच फ्रेममध्ये आहे, ती घाण. या नियमाने पावसाचा थेंब घाण, ठिणगी घाण, उडवलेलं नाणं घाण, टाळी वाजवणाऱ्याची बोटंही घाण. म्हणून दर शॉट माणूसच पाहतो. कसोटी अशी: मूळ फ्रेममधून साफ केलेली फ्रेम वजा करायची आणि उरतं ते बघायचं. नुसते ठिपके आणि केस उरले तर ठीक. चेहऱ्याची कड किंवा बाह्यरेषा दिसली की समजायचं, सफाईने सिनेमा खाल्ला. दाणे दाबतानाही हीच कसोटी. एआयबद्दल विचाराल तर, ते हरवलेला तपशील परत आणत नाही, नवा रचतं. मागच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं बघा, लगेच कळेल. शूटिंगच्या वेळीच कॅमेऱ्याच्या गेटमध्ये अडकलेला केस मात्र आम्ही शक्यतो ठेवतो. तो पहिल्या खेळालाही होता.

आवाजातही हाच घोळ. खरखर फार काढली की संवादातले ‘स’ आणि ‘श’ आधी जातात. शिवाय ३५ मिमी प्रिंटवर आवाज चित्राच्या सुमारे २० फ्रेम पुढे छापलेला असतो. त्यामुळे रीळ तुटून फ्रेम गेल्या की आवाज त्याच जागी नाही, जवळजवळ एका सेकंदानंतर तुटतो, आणि दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागते.

आता घरचा प्रश्न. थिएटरच्या डीसीपीला (तिथे दाखवायच्या डिजिटल प्रतीला) सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत मुभा असते, ब्लू-रेच्या चित्राला ४०, स्ट्रीमिंगला त्याहून बरीच कमी. दाणे अनियमित, म्हणून कॉम्प्रेशनला सर्वांत जड; बिट अपुरे पडले की अंधाऱ्या दृश्यांत त्यांचे चौकोन होतात. तुम्हाला खटकतात ते पुष्कळदा हे चौकोनच. ग्रेडिंग, म्हणजे रंग-उजेड जुळवणं, हेही पुन्हा करावं लागतं: थिएटरचा पडदा ४८ निटचा (निट हे उजेडाचं माप) आणि खोली काळोखी, घरच्या एचडी आवृत्तीचं ग्रेडिंग १०० निटच्या मॉनिटरवर होतं. तीच फाइल जशीच्या तशी उतरवली तर सावल्या एक तर बुजतात नाही तर राखाडी होतात.

तेव्हा तक्रार करण्याआधी टीव्हीची सेटिंग उघडा. नॉइज रिडक्शन बंद, मोशन स्मूदिंग बंद, शार्पनेस खाली. जास्त शार्पनेस दर दाण्याला कड काढतं. एवढं करून पाच मिनिटं पाहा, आणि मगही दाणे टोचले तर कोणती डिस्क किंवा कोणती स्ट्रीमिंग आवृत्ती ते कळवा.