एकरी की हेक्टरी

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट आहे, माझ्याच एका वेबपानातल्या चुकीची, अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसलोय.

मी बेळगावात टिळकवाडीत बसून एसईओचं काम करतो, म्हणजे कुणी गुगलवर काही शोधलं की आमच्या गिऱ्हाईकाचं पान वर यावं ही खटपट. रोजचं काम काय ते सांगत बसत नाही, फक्त बाहेरच्यांना माहीत नसणाऱ्या दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे इथे प्रत्येक शब्द चार-पाच पद्धतीने पकडावा लागतो. २०१४ च्या १ नोव्हेंबरला शहराचं नाव सरकारी बदललं तरी लोक अजून बेलगाम टाइप करतात, मराठी माणूस बेळगाव लिहितो, सरकारी कागदावर बेळगावी, वर निम्मे लोक मराठी शब्द इंग्रजी अक्षरात टाकतात आणि कन्नड लिपीतलं शोधणं वेगळंच. दुसरी गोष्ट म्हणजे मराठीत पहिला नंबर काढणं सोपं आहे. इंग्रजीत एखाद्या शब्दासाठी सहा-सहा महिने झगडावं लागतं, लिंका जमवाव्या लागतात. मराठीत शेतीच्या विषयावर एक नीट बांधलेलं पान टाकलं की पंधरा दिवसात वर, कारण समोर मैदानात कुणी नसतंच. मला या गोष्टीचा फार अभिमान होता.

निपाणीत शेती औषधांचं एक दुकान आमचं गिऱ्हाईक आहे. निपाणी म्हटलं की लोकांना तंबाखू आठवतो, खरं वेदगंगा-दूधगंगेच्या काठाने आणि चिकोडीकडे निघालं की सगळा ऊसच. दुकानाचे मालक, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांच्या वेबसाईटसाठी मी दोन वर्षांपूर्वी हुमणीवर एक पान केलं. हुमणी म्हणजे जमिनीत राहून उसाची मुळं खाणारी अळी, वरून ऊस पिवळा पडतो, वाळतो, आणि ओढला की मुळासकट हातात येतो. हे मला तेव्हा वाचूनच माहीत होतं, प्रत्यक्षात मी हुमणी बघितली नव्हती.

पान कसं केलं ते नीट सांगतो, कारण चूक तिथेच आहे. गुगलमध्ये 'ऊस हुमणी' एवढं टाकून थांबलं की खाली सूचना येतात, लोक काय शोधतात ते त्यात दिसतं. औषध, उपाय, फवारणी, आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'एकरी प्रमाण'. आपल्याकडे शेतकरी एकर-गुंठ्यातच विचार करतो, त्यामुळे तो शब्द मिळाल्यावर मी खूश. हेडिंगमध्ये एकरी प्रमाण, पहिल्या चाळीस-पन्नास शब्दांत थेट उत्तर, खाली सुटसुटीत टेबल: औषध, एकरी प्रमाण, पाणी. मजकूर इंग्रजीतली पानं बघून लिहिला. गुगलने ते टेबलच उचलून सगळ्या निकालांच्या वरच्या चौकोनात लावलं. जुलै-ऑगस्टमध्ये सर्च कन्सोलचा, म्हणजे गुगलवरून किती लोक पानावर येतात ते दाखवणाऱ्या टूलचा, आलेख सरळ वर जायला लागला, मी स्क्रीनशॉट पाठवला, अण्णांनी त्याची मोठी प्रिंट काढून काउंटरच्या मागे भिंतीवर लावली.

त्या दिवशी मी दुकानाचे फोटो काढायला आणि गुगलवरचे रिव्ह्यू वाढवायचं बघायला निपाणीला गेलो होतो. तवंदी घाट उतरतानाच पाऊस सुरू झाला. दुकानात पोचलो तर एक साठीतले मामा काउंटरवर श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा ठेवून उभे होते. डब्यात काळी माती आणि मातीत पाच-सहा अळ्या. मी पहिल्यांदा हुमणी बघितली ती अशी. पांढरट, पिवळसर, करंगळीएवढी जाड, इंग्रजी सी सारखी वळलेली, डोकं तांबूस तपकिरी आणि मागच्या टोकाला कातडीतून आतली माती काळी दिसत होती. बोटाने हलवलं तशी एक हळूच वळवळली.

"जित्ती हाईत बघा," मामा म्हणाले, आणि मोबाईल पुढे केला. त्यावर माझं पान होतं. "ह्ये तुमच्यातलंच न्हवं? एकरी एवढं लिवलंय. दीड एकराला दीडपट टाकलं, एक पाकीट कमी न्हाई. मग मरंनात कशी?"

अण्णांचा पुतण्या धारवाडला बीएस्सी ॲग्री करून आलाय, तो तेव्हा दुकानात होता. त्याने मोबाईल हातात घेतला, टेबल बघितलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "दादा, ह्यो आकडा कुठनं घेतलासा? ह्यो हेक्टरचा हाय."

औषधाच्या पाकिटातली घडीपत्रिका काढली. मुंगीएवढं अक्षर, मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठं करून वाचावं लागलं. प्रमाण हेक्टरी. एका हेक्टरात २.४७ एकर, म्हणजे मामांनी जवळजवळ अडीचपट औषध शेतात ओतलं होतं. मी इंग्रजी पानावरचा आकडा बरोबर उतरवला होता, पण वर हेडिंग लोक शोधतात तो शब्द, 'एकरी', बसवलं होतं. आकडा हेक्टरचा, शब्द एकराचा. औषधाचं नाव आणि आकडा मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कुणी उचलून परत कुठे लावायला नको.

मग मामांनी जे विचारलं ते मला जन्मभर विसरणार नाही. आवाज न चढवता म्हणाले, "दुकानवाल्यानंच लिवलंय, म्हंजे जादा खपावं म्हणून लिवलंय काय?"

काय उत्तर द्यायचं? बाहेरून बघणाऱ्याला दुसरं काय दिसणार? पाकिटं ह्याच दुकानातून गेलेली. सीझनमध्ये काउंटरवर गर्दी असली की रान किती ते कुणी विचारत नाही, मागितली तेवढी पाकिटं पुढे ढकलतात, हे सगळ्याच दुकानांत चालतं आणि ते चुकीचं आहे. अण्णांनी ते पान कधी वाचलंच नव्हतं, त्यांनी फक्त नंबर बघितला होता, आणि खरं सांगायचं तर मीही. अण्णांनी जादा पाकिटांचे पैसे मामांच्या खताच्या बिलात वळते केले, हे मात्र त्यांचं मोठेपण.

पुतण्याने पुढे सांगितलं ते आणखी वाईट होतं. बरोबर प्रमाणात टाकलं असतं तरी भादव्यात उपयोग नव्हता. पहिल्या वळवाच्या पावसानंतर मे-जूनमध्ये भुंगेरे, म्हणजे ह्याच अळीचे मोठे झालेले किडे, जमिनीतून बाहेर पडतात, रात्री कडुलिंबावर, बाभळीवर, बोरीवर बसतात, तिथे मिलन होतं, मग मादी जमिनीत अंडी घालते. अळी लहान असते तेव्हाच औषध लागू पडतं. सप्टेंबरपर्यंत ती तिसऱ्या अवस्थेत जाते, मग ती कशाला दाद देत नाही. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मे-जूनमध्ये संध्याकाळी झाडं हलवून भुंगेरे गोळा करायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, सगळ्या गावाने मिळून. माझ्या पानावर यातलं काहीच नव्हतं. का नव्हतं? कारण 'हुमणीला औषध कधी टाकायचं' हे कुणी शोधत नव्हतं, लोक काय किती वेळा शोधतात ते सांगणाऱ्या माझ्या टूलमध्ये तिथे शून्य होता. वेळेचा प्रश्न आहे हे ज्याला माहीतच नाही तो ते शोधणार कसा, आणि आम्ही तर लोक शोधतात तेवढंच लिहितो.

रात्री घरी येऊन आधी पान दुरुस्त केलं. मग माझ्या पानातलं एक वाक्य अवतरण चिन्हांत टाकून शोधलं. त्यात मी 'मुळ्या' ऐवजी 'मूळ्या' टाइप केलं होतं, तीच चूक घेऊन ते वाक्य सात ठिकाणी निघालं, टेबलासकट. एका व्हिडिओत तर कुणीतरी ते जसंच्या तसं वाचून दाखवत होतं. आणि गुगल वर जे एआयचं उत्तर दाखवतं त्यातही 'एकरी' आणि तोच आकडा. सात पानं एकच सांगतायत म्हटल्यावर मशीनला ते खरंच वाटणार, सातही माझ्याच एका पानातून निघालीत हे त्याला कोण सांगणार.

तेव्हापासून मी या विषयावरचं संशोधन वाचायला लागलो, आधी फक्त टिप्स वाचायचो. कॉर्नेलच्या संशोधकांचा २००७ चा एक अभ्यास आहे, विद्यार्थ्यांना गुगलचे निकाल उलट्या क्रमाने दाखवले आणि नजर कुठे फिरते ते यंत्राने मोजलं, तरी पोरं बरीचशी वरचंच उघडत होती. विद्यापीठातली पोरं ही, मग बांधावर उभा राहून मोबाईल बघणाऱ्या मामांना कशाला बोल लावायचा. जर्मनीत लाइपझिग आणि वायमारच्या लोकांनी वर्षभर ७,३९२ प्रश्न गुगल, बिंग आणि डकडकगोवर टाकून बघितले, २०२४ ला पेपर आला. वस्तूंच्या रिव्ह्यूंचे प्रश्न होते. वरची पानं सरासरीने जास्त एसईओ केलेली, कमिशनच्या लिंका जास्त आणि मजकुराचा दर्जा कमी असल्याची लक्षणं, असं त्यांना आढळलं. आमच्या धंद्यातले बरेच जण या पेपरवर चिडले. मी नाही चिडलो. फक्त तो गर्दीतल्या भांडणाचा अभ्यास आहे, आमच्याकडे मैदान मोकळं असतं, पहिला आलेला चुकला तर त्याला खोडणारं दुसरं पानच नसतं.

आयआयटी दिल्ली आणि प्रिन्स्टनवाल्यांचा एक पेपर तर आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे नाचवत होते. एआयच्या उत्तरात आपलं पान यायचं असेल तर आकडे, संदर्भ, अवतरणं घाला, चाळीस टक्क्यांपर्यंत जास्त दिसाल. पेपर चांगला आहे, पण त्यात दिसणं मोजलंय, तो आकडा बरोबर आहे का हे त्यांचं काम नव्हतं. ग्रुपवर मी हे लिहिलं तर एकाने अंगठ्याचा इमोजी टाकला आणि दुसऱ्याने लगेच टेबल बनवायचं फुकट टूल कुठलं ते विचारलं.

आता ज्याने माझी झोप गेली ते. दुरुस्त पानात मी सगळ्यात वर लिहिलं होतं की आधी खणून बघा, अळी केवढी आहे बघा, टेबल काढूनच टाकलं होतं. तीन आठवड्यात वरचा चौकोन गेला आणि पान तिसऱ्यावर घसरलं. पहिल्यावर कोण आलं? त्या सातांतलंच एक, 'मूळ्या' सकट.

का, हे मला कळतं. अमेरिकेतल्या गुगलवरच्या खटल्यात २०२३ ला गुगलचे पांडू नायक यांनी साक्षीत नॅवबूस्ट (Navboost) नावाच्या यंत्रणेबद्दल सांगितलं. लोक कुठल्या निकालावर क्लिक करतात याची तेरा महिन्यांची आठवण ती यंत्रणा ठेवते. मामांनी क्लिक केलं, स्पष्ट आकडा मिळाला, मोबाईल खिशात घातला, परत शोधलं नाही. मशीनच्या दृष्टीने ते समाधानी गिऱ्हाईक, चांगलं क्लिक. ऊस वाळला ते त्याला कळत नाही. माझ्या नव्या पानावर येणारा वाचतो, थेट आकडा दिसत नाही, परत फिरतो, खालचं उघडतो. ते वाईट क्लिक. म्हणजे गेल्या पावसाळ्यातली ती सगळी समाधानी क्लिकं या पावसाळ्यात पण हिशोबात असणार, असा माझा अंदाज आहे.

बरोबर माहिती मराठीत नाही असंही नाही. मी शोधली. पुस्तिका आहेत, घडीपत्रिका आहेत, तज्ज्ञांनी नीट लिहिलेल्या. पण पीडीएफ जुन्या फॉन्टमधल्या. डोळ्याला शुद्ध मराठी दिसतं, कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा, आणि मशीन तो कचराच वाचतं. काही तर स्कॅन केलेली चित्रं, ती गुगल नीट वाचेलच असं नाही. म्हणजे 'हुमणी' हा शब्द जुन्या फॉन्टच्या पुस्तिकेत पन्नास वेळा असला तरी गुगलच्या लेखी एकदाही नाही. वर आमचा सीमाभाग असा की शेतीखात्याच्या रयत संपर्क केंद्रातला कागद कन्नडमध्ये, मराठी पुस्तिका पलीकडच्या राज्याची आणि ती अशी मुकी. युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली, हे काम कुणाच्याच टेबलावर नाही याचा मला खरंच राग येतो.

हिवाळ्यात मी आणि पुतण्याने बसून पान परत केलं. टेबल परत आणलं कारण लोकांना ते लागतंच, पण एकरी खरं एकरी, शेजारी गुंठ्यालाही किती ते, आकडा पुतण्याने घडीपत्रिकेशी ताडून. टेबलाचा पहिला रकाना महिन्याचा केला, म्हणजे आकडा वाचायचा तर महिना ओलांडूनच जावं लागतं. सप्टेंबरच्या ओळीत औषधाच्या जागी 'आता उपयोग नाही' असं लिहिलंय. अण्णा म्हणाले ती ओळ काढ की, गिऱ्हाईक जातंय. पुतण्या आणि मी दोघांनी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं. कॉपी केलेल्या सात जणांना मेल, मेसेज केले, तिघांनी बदललं, एकाने मलाच विचारलं तुम्ही कुठल्या अधिकाराने सांगता. व्हिडिओ अजून आहे.

मामांना दोनदा भेटून आलो. दुसऱ्या वेळी त्यांनी खोडव्याचं, म्हणजे तोडणीनंतर परत फुटलेल्या उसाचं, रान दाखवलं, एका कोपऱ्यात ऊस अजून विरळच आहे. त्यांनी चहा दिला, जास्त बोलले नाहीत.

परवा संध्याकाळी वळीव झाला. मी अण्णांना मेसेज टाकला, दुकानामागच्या कडुलिंबावर रात्री बॅटरी मारून बघा. साडेआठला फोटो आला, पानांवर तपकिरी भुंगेरे, एकेका डहाळीला चार-चार. मी लॅपटॉप उघडून 'ऊस हुमणी औषध एकरी' टाकलं. आम्ही दुसऱ्यावर आहोत. वर अजून 'मूळ्या' आहे.