आमची वाटचाल: दारापासून व्यासपीठापर्यंत

अपंग माणसांना कार्यक्रमांत सहज येता-जाता यावं, हे आमचं काम. आम्ही सुरुवात केली ती व्हीलचेअरसाठीचे रॅम्प कार्यक्रमांना भाड्याने देण्यापासून. ॲल्युमिनियमचे घडीचे रॅम्प, एक टेम्पो आणि आम्ही दोघे भागीदार. आयोजकांचा फोन बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळी यायचा, "एक रॅम्प पाठवा, दोन मीटरचा पुरे." व्यासपीठ किती उंच, असं विचारलं की उत्तर यायचं ६० सेंटिमीटर. सर्वसाधारणपणे मान्य असलेला १:१२ चा उतार, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी, धरला तर तेवढं चढायला ७.२ मीटर लांबी लागते, शिवाय दोन्ही टोकांना सपाट जागा. दोन मीटरच्या रॅम्पवर शेवटी चार जण व्हीलचेअर माणसासकट उचलतात, आणि वर त्याचे फोटो काढतात!

हे पटवता पटवता भाड्याचा धंदा मागे पडला आणि पाहणीचं काम वाढलं. आता जागा ठरण्याआधीच आम्ही जाऊन बघतो आणि त्याची फी वेगळी घेतो. पाहणी करणारी आमची सहकारी स्वतः व्हीलचेअर वापरते. दारं ९० सेंटिमीटर रुंद आहेत का, वळायला दीड मीटरचा मोकळा घेर मिळतो का, हे ती मोजतेच. पण तिची नजर जाते ती कागदावर न दिसणाऱ्या गोष्टींकडे. जाड गालिच्यात पुढची छोटी चाकं रुततात. वाटेत आडव्या टाकलेल्या केबलवरचं झाकण म्हणजे चाकांना उंचवटा आणि कुबड्यांना ठेच. अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहात तर हमखास झाडू, बादल्या आणि जास्तीच्या खुर्च्या.

बसायच्या जागेवरून वाद ठरलेला. सगळ्या व्हीलचेअर शेवटच्या रांगेमागे एका कोपऱ्यात, सोबतचे लोक भलतीकडे. पुढचे प्रेक्षक टाळ्या वाजवत उभे राहिले की मागच्याला दिसतात फक्त पाठी. आम्ही या जागा वेगवेगळ्या भागांत, थोड्या उंचावर आणि शेजारी सोबत्याची खुर्ची ठेवून मागतो. तिकिटं कमी होतात म्हणून आयोजक कुरकुरतात. कुरकुरू द्यावं.

पुढे ऐकण्या-बघण्याची कामंही घेतली. सांकेतिक भाषेच्या दुभाष्याला बोलावतात, पण नाटकात अंधार झाला की तोही अंधारात जातो. त्याच्यावर स्वतंत्र छोटा दिवा लागतो. श्रवणयंत्रात थेट आवाज पोचवणारा इंडक्शन लूप आम्ही बसवतो, मात्र जमिनीखाली लोखंड जास्त असेल तर आवाज मंदावतो, म्हणून प्रत्यक्ष श्रवणयंत्र लावून तपासल्याशिवाय पैसे मागत नाही.

सगळ्यात जास्त भांडण व्यासपीठावरून होतं. अपंग माणूस आला तर प्रेक्षक म्हणूनच येणार, असं गृहीत धरलेलं असतं. वक्ता, गायिका, निवेदक, पुरस्कार घेणारा कोणीही असू शकतो, मग विंगेतून, मेकअप खोलीतून वाट नको का? संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या अपंग हक्क कराराच्या ३० व्या कलमात सांस्कृतिक जीवनातला सहभाग आहे, आणि त्यात स्वतःची कला फुलवण्याची संधीही येते. हे कलम आम्ही दरपत्रकासोबतच पाठवतो. व्यासपीठाची वाट वगळून फक्त दाराशी रॅम्प हवा असेल, तर ते काम आता घेत नाही.

सध्या बाहेर पडण्याच्या वाटांवर काम चाललंय. आग लागल्यावर नेहमीच्या लिफ्ट वापरायच्या नसतात. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या व्हीलचेअरवाल्याने कुठे थांबायचं आणि त्याला न्यायला कोणी यायचं, हे कार्यक्रमाआधी नावानिशी ठरवून घ्यायला आम्ही आयोजकांना बसवतो.