फ्लॅट की स्वतंत्र घर, भाड्याने घेताना मी काय बघते

फ्लॅट भाड्याने घ्यायचा की स्वतंत्र घर, हा विषय निघाला की सगळे आधी खोल्या मोजतात आणि मग भाड्यावर येतात. मी पहिल्यांदा विचारते की काही बिघडलं तर बघणार कोण. कारण एखादी खोली कमी पडली तर माणूस कसंतरी भागवतो, पण रात्री अकराला पाण्याची मोटर बंद पडलीय, टाकी रिकामी आणि घरमालक फोन उचलत नाहीये, यात भागवण्यासारखं काही नसतं.

फ्लॅटमध्ये पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे, गच्ची, ड्रेनेज हे सगळं बिल्डिंगचं काम. दर महिन्याला मेंटेनन्स जातो तेव्हा जीवावर येतं खरं, पण त्या पैशात डोक्याचा ताप दुसऱ्याकडे जातो. स्वतंत्र घरात मात्र टाकी धुणं, पन्हाळीत अडकलेला पाला काढणं, गवत कापणं, गेटचं गंजलेलं कुलूप, आणि सेप्टिक टँक असेल तर तो उपसून घेणं, हे सगळं कुणाच्या तरी गळ्यात पडतं आणि तो गळा बहुतेक वेळा भाडेकरूचा असतो. घरमालक गोड बोलून सांगतात, 'छोटंमोठं तुम्ही बघून घ्या, मोठं काम आलं तर मी आहेच.' आता नळाचा वायसर छोटं आणि गळकं छप्पर मोठं, इथपर्यंत सगळ्यांना पटतं, पण मोटर जळली तर? गीझर? झाडाची फांदी पडून पत्रा फुटला तर? हे ॲग्रीमेंटमध्ये नावं घेऊन लिहून घ्या, तोंडी नको. आणि राहायला जायच्या दिवशीच भिंती, फरशी, बाथरूम, बाहेरचं कुंपण सगळ्याचे फोटो काढून घरमालकाला पाठवून ठेवा म्हणजे डिपॉझिट परत घेताना वाद होत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे गरमी आणि थंडी, जी भाड्याच्या आकड्यात दिसतच नाही. मधल्या मजल्यावरच्या फ्लॅटला वर, खाली आणि शेजारी माणसंच असतात, बाहेरची हवा लागते ती एकदोन भिंतींना. स्वतंत्र घराला चारही भिंती उघड्या आणि वर छप्पर. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि सूर्य मावळल्यावर तीच उष्णता खाली सोडत बसतो, त्यामुळे नेमकं झोपायच्या वेळेला बेडरूमची भट्टी होते. थंडीत उलटं, आतली ऊब त्याच वाटेने निघून जाते. म्हणून दोन जागांची तुलना करायची तर भाडं अधिक विजेचं बिल अशी करा. सगळ्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट असेल तर त्याला छपराच्या बाबतीत घरच समजा, फक्त अंगण नसलेलं.

आवाजाबद्दल फ्लॅटची बाजू घेणं मला जमत नाही. बोलणं, टीव्ही हे आवाज हवेतून येतात, जाड भिंत आणि घट्ट बसणारं दार असेल तर बरेच कमी होतात. पण वरच्यांची पावलं, ओढलेल्या खुर्च्या, पडलेलं भांडं हे थेट स्लॅबमधून उतरतं आणि त्यावर आपण आपल्या बाजूने फार काही करू शकत नाही, खरा उपाय म्हणजे त्यांच्या फरशीवर जाड गालिचा, म्हणजे सगळं त्यांच्या मर्जीवर. म्हणून फ्लॅट बघायला दुपारी जाऊ नका, सगळे घरी असतात तेव्हा संध्याकाळी जा आणि दहा मिनिटं गप्प बसा. घरात लहान मूल असेल, कुणी वाद्य वाजवत असेल, तर मात्र हिशोब फिरतो, कारण मग आवाज करणारे आपण असतो आणि स्वतंत्र घरात निदान सतत 'श्शू' करत राहावं लागत नाही.

जागा बघताना शॉवर आणि किचनचा नळ एकदम सोडून बघा. टाकी नळापेक्षा साधारण दहा मीटर उंचावर असेल तर पाण्याला एक बारच्या (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) आसपास प्रेशर मिळतं, त्यामुळे टाकी डोक्यावर दोनतीन मीटरवरच असेल तर धार बारीकच येणार, मग ते बैठं घर असो की टाकीच्या लगेच खालचा फ्लॅट. पंप लावलाय का ते विचारा. जमिनीला टेकलेल्या घरात भिंतींचा खालचा भाग नीट बघा, ओल जमिनीतून वर चढते आणि तेवढ्याच पट्ट्यात ताजा रंग दिसला तर मी तरी संशय घेते. झुरळांचं म्हणाल तर ती पाइप आणि डक्टमधून शेजाऱ्यांकडून येतात, फ्लॅटमध्ये एकट्याने पेस्ट कंट्रोल करून फारसं भागत नाही. वाळवीचा धोका जमिनीला टेकलेल्या घरात जास्त.

सारखं बाहेरगावी जाणं होत असेल तर माझं मत सरळ आहे, फ्लॅट घ्या, कुलूप लावा आणि निघा. स्वतंत्र घर परवडतं ते दिवसा कुणीतरी घरी असणाऱ्यांना, आणि मोकळी जागा खरंच वापरणाऱ्यांना. नाहीतर अंगणाचं भाडं भरायचं आणि बघायचं फक्त खिडकीतून. शिवाय भाड्याच्या अंगणात लावलेलं झाड आपण सोबत नेऊ शकत नाही, कुंड्या नेऊ शकतो, आणि कुंड्या बाल्कनीतही राहतात.

आम्ही सध्या मधल्या मजल्यावरचा फ्लॅट शोधतोय. नवऱ्याला अजून अंगणवालंच घर हवंय, त्याला म्हटलं गवत आणि टाकी तुझ्याकडे, मोटरसाठी घरमालकाला फोनही तूच करायचा, तर चल बघू. सध्या तो विचार करतोय.