सरासरी प्रतिकारशक्तीचा आकडा आणि मुंबई

साथरोगांच्या गणिताशी मुंबईचा संबंध फार जुना आहे. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या शास्त्रज्ञांनी १९२७ साली साथ कशी पसरते व ओसरते याचे आपले गणिती प्रारूप मांडताना १९०५-०६ मधील मुंबईच्या प्लेगमृत्यूंचे आकडे वापरले होते. (प्लेग मुळात उंदरांचा रोग असल्याने हे उदाहरण माणसाकडून माणसाला लागण गृहीत धरणाऱ्या त्या प्रारूपात काहीसे ओढूनताणूनच बसते.) त्यांचा निष्कर्ष मात्र टिकला. साथ ओसरण्यासाठी सर्वांना रोग व्हावा लागत नाही. बाधा होऊ शकणाऱ्यांचे प्रमाण एका मर्यादेखाली गेले, की एक रुग्ण सरासरी एकाहून कमी जणांना रोग देतो आणि साथ उतरणीला लागते. सुरुवातीला एका रुग्णामुळे अडीच जणांना लागण होत असेल, तर ६० टक्के लोक प्रतिकारक्षम झाल्यावर ही मर्यादा गाठली जाते.

२०२० साली कोविडच्या साथीत असे आकडे सर्वतोमुखी झाले. पण शहरातला प्रत्येक जण इतर कोणालाही सारख्याच शक्यतेने भेटतो, हे त्यामागचे गृहीतक फारसे कोणी तपासले नाही. त्या जुलैत मुंबईच्या तीन प्रभागांत झालेल्या सर्वेक्षणात झोपडपट्ट्यांमधील सुमारे ५७ टक्के, तर बाहेरच्या वस्तीतील सुमारे १६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, आढळली. सार्वजनिक शौचालयाची रांग आणि एका खोलीत राहणारे अख्खे कुटुंब लक्षात घेतले, तर या तफावतीचे नवल वाटत नाही. या दोन आकड्यांची सरासरी काढणे मला निरर्थक वाटते, कारण त्या सरासरीचे शहर कुठेच अस्तित्वात नव्हते. प्रारूपात हे दोन गट वेगळे ठेवून कोण कोणाला किती भेटतो याचे कोष्टक मांडावे लागते, आणि टाळेबंदीत घरकामाच्या बायका व वाहनचालक सोसायट्यांत येईनासे झाल्यावर ते कोष्टकही बदलावे लागते.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत महापालिकेच्या नोंदींत बहुसंख्य रुग्ण इमारतींमधील होते. अर्थात चाचण्याही तिथेच अधिक होत असणार, त्यामुळे सगळे श्रेय प्रतिकारशक्तीच्या तफावतीला देणे घाईचे ठरेल. शिवाय विषाणू बदललेला होता. लागणीपासूनचे संरक्षण काही महिन्यांत घटते, तर गंभीर आजारापासूनचे बरेच जास्त टिकते. म्हणून प्रारूपात ही दोन्ही संरक्षणे स्वतंत्रपणे मोजली नाहीत, तर रुग्णसंख्येचा अंदाज बरोबर येऊनही रुग्णालयातील खाटांचा अंदाज साफ चुकू शकतो.