अळणी बारा दिवस: इकीतोसजवळच्या दिएतेची तयारी

इकीतोसला बाहेरून एकही रस्ता येत नाही. पेरूच्या ॲमेझॉन खोऱ्यातल्या या शहरात विमानानं उतरायचं, नाहीतर नदीतून बोटीनं यायचं. लिमाहून विमानाला पावणेदोन-दोन तास लागतात. दार उघडलं की मे अखेरच्या कोकणासारखी चिकट वाफ अंगावर येते आणि बाहेर मोतोकार्रोवाल्यांचा गलका असतो: पुढे मोटरसायकल, मागे छपराखाली बाकडं, म्हणजे आपली रिक्षाच. शहरातून एक डांबरी रस्ता सुमारे १०० किलोमीटरवरच्या नौता गावाला जातो. त्याच्या दोन्ही अंगांना, जंगलात आत, आयावास्काची, म्हणजे रात्रीच्या विधीत प्यायच्या, भास घडवणाऱ्या वेलीच्या पेयाची निवासी केंद्रं आहेत. तिथले बरेच वैद्य उकायाली नदीकाठचे, शिपिबो जमातीचे. मूळ भागातच जायचं असेल तर पुकाल्पाला उतरून यारिनाकोचा तळ्याकाठी जाता येतं. कुस्कोत मात्र यासाठी जाऊ नये. ते ३,४०० मीटर उंचीवरचं डोंगरी शहर आहे आणि ही विद्या सखल जंगलातली.

इथे दहा-बारा दिवसांचं जे पथ्य पाळतात त्याला दिएता म्हणतात. दिएता म्हटलं की सगळे मिठाबद्दल विचारतात. औषधांच्या गोळ्यांबद्दल विचारणारे कमी, आणि खरा धोका तिथेच आहे.

आयावास्का ही वेल. पेयात तिच्याबरोबर सहसा चाक्रूनाची पानं असतात. पानांत डीएमटी हे भास घडवणारं द्रव्य असतं, पण ते नुसतं पोटात गेलं तर आतड्यातलं आणि यकृतातलं मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर त्याची वाट लावतं. वेलीतली हार्मीन, हार्मालीन ही द्रव्यं या विकराला काही तास अडवून धरतात. (हार्मालीन हे नाव हरमळ या झुडपावरून आलंय, त्याच्या बियांत हीच द्रव्यं असतात.) ते विकर अडलेलं असताना अंगात दुसरं कुठलं औषध असेल, तर तेही भलतंच वागू शकतं.

म्हणून तयारी निघण्याच्या दोन-तीन महिने आधी, डॉक्टरांसमोर बसून सुरू करायची. नैराश्य किंवा चिंतेवरच्या एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन यांसारख्या गोळ्यांवर आयावास्का घेतलं तर सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढून ताप, थरथर, स्नायू ताठ होणं इथपर्यंत जातं, जिवावरही बेततं. यातल्या बहुतेक गोळ्या पूर्ण बंद झाल्यावर किमान दोन आठवडे जावे लागतात, फ्लुऑक्सेटिनला पाच, कारण ते अंगातून फार सावकाश जातं. त्याआधी डोस हळूहळू उतरवायला लागणारा वेळ वेगळा. हे फक्त मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करायचं. गोळीशिवाय निभत नाही असं ते म्हणाले तर तिकीट काढू नये. तिकीट काढून झालं म्हणून गोळी झटक्यात सोडणं आणि केंद्राच्या फॉर्मवर ‘औषधं: नाहीत’ असं लिहिणं, याच्याइतका वाईट बेत दुसरा नाही.

डॉक्टरांच्या गोळ्या लोक निदान आठवून तरी सांगतात. राहून जातात त्या केमिस्टकडून सहज आणलेल्या गोष्टी. कोरड्या खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, सर्दीच्या गोळीतलं फेनिलेफ्रिन, पाठदुखीसाठी दिलेलं ट्रामाडोल, अर्धशिशीवरचं सुमाट्रिप्टान, सगळी यात धरायची. वेष्टनामागचे बारीक घटक वाचा. आयुर्वेदिक म्हणून सूट नाही: कवचबीज म्हणजे खाजकुयलीच्या बियांत एल-डोपा असतं आणि या वेलीबरोबर ते रक्तदाब भडकवू शकतं. ताकदीच्या चूर्णांमध्ये ते हमखास सापडतं.

काहींनी जाऊच नये. स्वतःला किंवा आई-वडील, भावंडांपैकी कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल, लिथियम चालू असेल, फिट्स येत असतील, हृदयाचा आजार किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असेल, गर्भारपण असेल तर विषय तिथेच थांबवावा. चाळिशी ओलांडलेल्यांनी ईसीजी, रक्तदाब आणि यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या करून घ्याव्यात. मधुमेहींची अडचण वेगळी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडचा नेहमीचा डोस चालू आणि ताटात उकडलेलं केळं, असं झालं की साखर रात्री धाडकन उतरते. अंधारात, सगळेच घामाघूम असताना, ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता जेवण. निघण्याआधी दोन आठवडे दारू, डुकराचं मांस, मुरलेलं चीज, सोया सॉस, सुकट-बोंबील, जुनी लोणची आणि शिळंपाकं बंद. आंबवलेल्या, खारवलेल्या, फार दिवस ठेवलेल्या पदार्थांत टायरामीन असतं आणि तेही याच विकराकडून मोडलं जातं. वेलीचा अडसर तात्पुरता असल्यामुळे हेच विकर अडवणाऱ्या, नैराश्यावरच्या जुन्या गोळ्यांइतकी भीती इथे नाही, पण डोकं फुटेस्तोवर दुखायचं टाळावं. इडली-डोसा शेवटचा आठवडाभर नको. डुकराचं मांस, तिखट, साखर आणि शरीरसंबंध यांची बंदी मात्र रसायनशास्त्रापेक्षा परंपरेची आहे. शिपिबो वैद्यांच्या मते वनस्पतीला वास आणि चवी सहन होत नाहीत. पटो न पटो, त्यांच्या घरी त्यांचा नियम. चहा-कॉफी दहा दिवस आधीपासून एकेक कप कमी करा, नाहीतर पहिले दोन दिवस डोकेदुखीतच जातात.

आपल्याकडचा उपास इथे कामाचा नाही. एकादशी दुप्पट खाशी हे माहीत असलेल्यांना सांगायला नको. दिएतेचं ताट म्हणजे उकडलेलं किंवा भाजलेलं कच्चं केळं, कोरडा भात, कधी नदीतल्या माशाचा तुकडा. मीठ नाही, तेल नाही, लिंबू नाही. मासा नको असेल तर आधी कळवावं. मग केळं आणि भात एवढंच उरतं, कुठे ओट्स मिळतात. घरी आठवडाभर जेवणातलं मीठ निम्म्यावर आणून जिभेला सवय लावा, पण पूर्ण अळणी तिथे पोचेपर्यंत नको.

त्याचं कारण घाम. अळणी जेवण, उकाडा, उलट्या आणि वर लिटरच्या लिटर पाणी, यात रक्तातलं सोडियम उतरतं. लघवी वाढवणारं औषध मिसळलेली बीपीची गोळी असेल तर आणखी लवकर. डोकं जड होणं, मळमळ, पायात गोळे, बोलताना गोंधळ ही त्याची लक्षणं, आणि ‘वनस्पती काम करतेय’ म्हणून ती हमखास दुर्लक्षिली जातात. ओआरएसची पाकिटं सोबत ठेवा. लागली तर वैद्यांना सांगून घ्या. दिएता मोडली तर मोडली.

काही केंद्रांत पहिल्या दिवशी पोट साफ करायला गवती चहाचा कोमट काढा पाजतात. वास ओळखीचा, पण पेला नाही, घागर समोर असते. दोन-तीन लिटर भराभर पिऊन उलटी काढायची. उलटी सुरू झाली की थांबा. जिद्दीनं पीत राहणाऱ्यालाच सोडियमचा फटका बसतो. त्याच आठवड्यात बेडकाच्या विषाचं काम्बो कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

कागदपत्रांत एक गोष्ट चुकवून चालत नाही: पिवळ्या तापाची लस. पेरू पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत असल्यामुळे दाखला नसेल तर भारतात परतताना सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि दाखला दहा दिवसांनी लागू होतो. साठीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. मलेरियासाठी मेफ्लोक्विन नको. त्यानं मन बिघडू शकतं आणि इथे तर मुळीच परवडणार नाही. पर्याय डॉक्टरांना मागा. आपल्या आणि पेरूच्या वेळेत साडेदहा तासांचा फरक आहे, तेव्हा पहिल्या रात्रीआधी दोन दिवस तरी नुसती झोप काढायला ठेवा.

मनाच्या तयारीत संकल्पाचं फार अवडंबर नको. ‘आयुष्याचा अर्थ’ वगैरे घेऊन जाणारे अंधारात गडबडतात. ‘भावाशी बोलणं का तुटलं’ एवढा छोटा, खरा प्रश्न पुरतो. महिनाभर रोज रात्री दिवे घालवून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून अर्धा तास ताठ बसा. इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवस काढलेल्यांना पाठ आणि मौन यांचा अंदाज असतो. नुकताच मोठा आघात झाला असेल तर हे वर्ष जाऊ द्यावं.

रात्रीचा विधी मालोकात, म्हणजे ताडपत्रीच्या नव्हे तर ताडाच्या पानांनी शाकारलेल्या गोल लाकडी घरात होतो. दुपारच्या जेवणानंतर काही खायचं नाही. आठ-नऊला दिवे जातात. प्रत्येकाला गादी, बादली, टॉयलेट पेपरचा रोल. बादली कायम एकाच बाजूला ठेवा, हात अंधारातही तिथेच जायला हवा. टॉर्च लाल काचेचा. पेय तपकिरी, दाट, कडू-आंबट. पहिल्या रात्री कमीच मागा. अर्ध्या-पाऊण तासात सुरुवात, सगळं उतरायला चार ते सहा तास. वैद्य मापाचो तंबाखूचा धूर सोडत इकारो, म्हणजे विधीची गाणी, गातात. भीती वाटली तर त्या सुरावर आणि श्वासावर लक्ष ठेवा, शेजाऱ्याशी बोलू नका. दुसरा पेला दीड तासाआधी नको. ‘काही होत नाही’ म्हणून घाई करणाऱ्यांना दोन्ही एकदम गाठतात.

केंद्र निवडताना विचारायचं: पेयात तोए आहे का? तोए ही आपल्या धोत्र्याची भावकी, तेच भ्रम आणि तीच विषबाधा. असेल तर जाऊ नका. रात्रभर शुद्धीवर कोण असतं, जवळचा दवाखाना किती वेळावर, बायकांसाठी बाई मदतनीस आहे का? एकटीला झोपडीत ‘खास उपचार’ सुचवला तर नकार द्या आणि लगेच दुसऱ्या कुणाला सांगा. बेलेन बाजारात पासाहे पाकितोच्या गल्लीत बाटल्यांतून काहीही विकतात. बघायला जा, विकत घेऊ नका.

पेरूनं २००८ साली आयावास्काच्या पारंपरिक वापराला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा ठरवलं. भारतात मात्र डीएमटी अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, तेव्हा थेंब किंवा पानही आणायचं नाही. लिमाच्या विमानतळावर मिळणाऱ्या कोकाच्या चहाच्या पिशव्यासुद्धा नाहीत, कोकाचं पान त्याच कायद्यात आहे.

शेवटच्या रात्रीनंतर दोन दिवस विमान नको, आणि महिनाभर नोकरी, लग्न, जमीन यांचे निर्णय नकोत. बंद केलेली औषधं कधी सुरू करायची ते डॉक्टरच ठरवतील. दिएता सोडताना वैद्य बशीत कांदा, मिरची, लिंबू आणि मीठ आणून देतात. आधी थोडंसंच जिभेवर ठेवा. बारा दिवसांनी एवढ्याशा मिठानंही डोळ्यांत पाणी येतं.